गोल गोठ्यातली प्रदक्षिणा

१

मी गोठे मोजते. पुण्यात आर्किटेक्चर शिकत असताना कोणी सांगितलं असतं, की बाई, तू पुढे न्युरेम्बर्गला राहशील आणि आसपासच्या खेड्यांतले गोठे, कोठारं, बंद पडलेल्या गिरण्या मोजत हिंडशील, तर मी हसले असते. आता हसायलाही कंटाळा येतो. सकाळी अन्वीचा डबा, तिला शाळेत सोडणं, मग गाडीत टेप, लेझर, टॉर्च आणि चिखलाचे बूट टाकून निघायचं. दिवसभर भिंती मोजायच्या आणि पोर झोपली की ते सगळं कॉम्प्युटरवर काढत बसायचं. नवरा, श्रीरंग, आठवडाभर झिंडेलफिंगेनला असतो, गाड्यांच्या कारखान्यात. शुक्रवारी येतो, रविवारी जातो, आणि धुवायचे कपडे मात्र न विसरता आणतो.

त्या नोव्हेंबरात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी आई म्हणते, आणि नुसतं म्हणायचं म्हणून नाही. माझी आई गेल्यानंतर "जेवलीस का गं?" असं मला विचारणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे या. पण त्यांना घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. इथली दारं मागे लोटली गेली की आपोआप बंद होतात आणि किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत. आई एकदा कचरा टाकायला खाली गेल्या, वर आल्या तर दार बंद. मी येईपर्यंत जिन्यात बसून होत्या, पायात नुसते मोजे. तेव्हापासून मी त्यांना कामावर सोबत न्यायला लागले. ऑफिसातला माझा जोडीदार तसाही आजारपणाच्या रजेवर होता आणि आमचे साहेब उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. टेपचं एक टोक धरायला कोणीतरी हवंच होतं. ते आई धरायच्या आणि विचारायच्या, "घट्ट धरू की नुसतं?"

परतीचं तिकीट पंधरवड्यावर आलं होतं. तेवढे दिवस त्यांना नीट सांभाळायचं आणि आल्या तशा धडधाकट परत पाठवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

२

तो गोठा गोल होता. मी इतके गोठे मोजले, पण गोल पहिलाच. फ्राउ, म्हणजे श्रीमती, हेर्टलाइन नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाईंच्या मालकीचा. त्यांच्या आजोबांनी तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत शेतावर मजुरी केली होती आणि तिथून ही कल्पना डोक्यात घेऊन ते परत आले. गावातल्या सुतारांनी कानांवर हात ठेवले. त्यांचा सगळा जन्म काटकोनात गेलेला. शेवटी आजोबांनीच फळ्या पाण्यात भिजत घालून वाकवल्या, एकावर एक ठोकून त्यांचं गोल कडं केलं आणि त्या कड्यावर छप्पर चढवलं. आत आधाराला एकही खांब नाही. मधोमध फक्त विटांची उंच गोल कोठी, वैरण साठवायची. कोठीभोवती माणूस चालेल एवढी वाट, त्या वाटेकडे तोंड करून गाई, गाईंच्या मागे शेणाची नाली आणि मग बाहेरची भिंत. वरून गवत खाली टाकायचं, गाडीत भरायचं आणि कोठीभोवती एक फेरी मारली की सगळ्या गाईंचं खाणं उरकलं. माणूस थकू नये म्हणून केलेली रचना. मला तर आजोबा आवडून गेले.

गाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता कोणा बिल्डरला तिथे लग्नाचा हॉल करायचा होता, म्हणून आधी मोजमाप.

"आतमध्ये फिरताना कोठी डाव्या हाताला ठेवायची," पहिल्याच दिवशी फ्राउ हेर्टलाइन म्हणाल्या.

"का?"

"आम्ही सगळे तसेच फिरतो. वार इमर झो." म्हणजे, पहिल्यापासून तसंच आहे. इथे या तीन शब्दांपुढे कोणाचंच काही चालत नाही. मी वर बघितलं, तर छताला वैरणीच्या गाडीचा लोखंडी रूळ होता आणि गाडीचा ब्रेक एकाच बाजूला धरणारा. उलट नेली तर ती अंगावर येणार. मला कारण सापडलं आणि मी कामाला लागले.

३

गोल इमारतीला कोपरा नसतो. त्यामुळे लपायला जागा नाही असं वाटतं, पण ते खरं नाही. मध्ये ती कोठी असते, आणि तुम्ही कुठेही उभे राहा, तिच्या पलीकडचं तुम्हाला कधीच दिसत नाही. पुढे गेलात की मघाशी दिसत होतं ते झाकलं जातं. मोजणाऱ्या माणसाच्या दृष्टीने डोक्याला ताप.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच आत होते. आई गाडीत थर्मासमधला चहा घेत बसल्या होत्या. मी कोठी डाव्या हाताला ठेवून चालत होते आणि पलीकडून कोणीतरी चालत होतं. बुटांचा आवाज, फरशीवर, माझ्याच चालीने. मी थांबले, तो थांबला. अर्थात प्रतिध्वनी. गोल भिंत आणि विटांची कोठी, दुसरं काय होणार? मी पुन्हा चालले. मग मुद्दाम थांबले आणि पाऊल वाजू न देता तशीच उभी राहिले. पलीकडे एक पाऊल जास्तीचं पडलं. नंतर शांत.

कबुतर असेल, मी म्हटलं. कबुतरं बूट घालत नाहीत हे मला कळत होतं, पण मी दमलेले होते, आणि दमलेल्या माणसाला कबुतर पुरतं.

घरी येताना गाडी चालवता चालवता एक साधी गोष्ट डोक्यात आली. गोलात दोघं एकाच दिशेने, एकाच चालीने फिरत राहिले तर ते जन्मात एकमेकांना भेटत नाहीत. हा विचार मला अजिबात आवडला नाही. मी रेडिओ लावला.

४

मंगळवारी पाऊस होता, म्हणून आई आत आल्या. गोठ्याचं एकच दार उघडं होतं, बाकीची फळ्या ठोकून बंद. आत येऊन त्यांनी वर पाहिलं. छपराच्या टोकाला हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यातून उजेड सरळ कोठीवर पडत होता.

"देऊळच आहे की गं हे," त्या म्हणाल्या आणि मी टेपचं टोक सोडवीपर्यंत त्यांनी दारापाशी बूट काढून ठेवलेसुद्धा.

"अहो आई, गाईंचा गोठा आहे तो. फरशी गार आहे."

"गाईंचा आहे म्हणूनच. एक फेरी घालून येते. तू चालू दे तुझं."

आपला माणूस प्रदक्षिणा घालणार ती कोठी उजव्या हाताला ठेवूनच. आई डावीकडून निघाल्या. माझ्या ओठांवर आलं होतं, आई, इथे उलट्या बाजूने फिरतात. पण त्यांना उलटी प्रदक्षिणा घालायला सांगायची म्हणजे पुढे अर्धा तास शास्त्र ऐकायचं. मी पुन्हा मोजायला लागले.

त्या वळणाआड गेल्या. मोज्यांचा आवाज येत नव्हता, फक्त त्यांचं पुटपुटणं येत होतं, नेहमीचं स्तोत्र. मग ते डावीकडूनही यायला लागलं आणि उजवीकडूनही. गोल भिंत, मी म्हटलं. दोन्ही आवाज एकमेकांच्या जवळ जात होते. मग दोन्ही एकदम बंद झाले आणि आई अगदी सहज, बँकेच्या रांगेत म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "जा बाई, तू पुढे जा."

माझ्या हातातलं टेपचं टोक सुटून खटकन आत गेलं.

"आई?" मी हाक मारली.

त्या आल्या. ज्या बाजूने गेल्या होत्या त्याच बाजूने परत आल्या. मला हायसं वाटलं. म्हणजे फेरी पुरी केलीच नाही, मध्ये कोठीकडून शेणाच्या नालीकडे जाणारी एक पन्हळ वाटेत आडवी आहे, ती पाहून मागे फिरल्या. महादेवाच्या देवळात पन्हळ ओलांडत नाहीत, अर्ध्यावरून परततात, तसं. मी मनातल्या मनात त्यांचं कौतुकही केलं.

त्यांनी बूट घातले, उजवा डाव्या पायात आणि डावा उजव्या पायात. मी वाकून नीट करून दिले. बाहेर फ्राउ हेर्टलाइन छत्री घेऊन उभ्या होत्या. रोज आईंचा हात हातात घेऊन, न कळणाऱ्या भाषेत का होईना, दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी त्या एक पाऊल मागे सरल्या.

"कुठल्या बाजूने गेल्या?" त्यांनी मला विचारलं.

मी हाताने दाखवलं. त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

५

घरी आल्यावर आईंनी जाकीट काढलं. पदर उजव्या खांद्यावर होता.

"आई, सकाळी असं नेसला होतात?"

"मग कसं नेसतात?" त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सकाळी मी स्वतः त्यांच्या डाव्या खांद्यावर पिन लावून दिली होती. पिन होती, पण उजव्या खांद्यावर. वाटेत कुठे साडी सोडून पुन्हा नेसायला जागा नव्हती, वेळ नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. म्हटलं, सकाळी अंधार असतो, मी घाईत असते, मला तरी डावं-उजवं कुठे आठवतंय?

जेवताना त्यांनी मला विचारलं, जेवलीस का नीट. तोच आवाज, तोच हात पाठीवर. फक्त वाढत होत्या डाव्या हाताने.

श्रीरंगला फोन केला. "अगं मालिनी, वय झालंय तिचं," तो म्हणाला. "आणि तू दमलीयेस. शुक्रवारी येतोच आहे मी, तेव्हा बघू."

दमलेय हे खरंच होतं. पण दमल्यामुळे दुसऱ्याचा पदर इकडचा तिकडे जात नाही.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईंनी देवापुढे निरांजन लावलं. अन्वी शेजारी टॅबलेट घेऊन बसली होती. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. आरतीकडे तिने आजवर कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

तिने पाहिलं आणि म्हणाली, "आज्जी, दास इस्ट फाल्श हेरुम."

उलटं आहे. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. आईंचं ताट डावीकडे फिरत होतं. संथ, सफाईदार, सत्तर वर्षांच्या सवयीने फिरावं तसं. चुकणाऱ्या माणसाचा हात अडखळतो. हा अडखळत नव्हता.

"उलटं काय त्यात?" आई हसून म्हणाल्या. "असंच ओवाळतात."

आरती झाल्यावर त्यांनी अन्वीच्या डोक्यावरून हात फिरवला. अन्वीने डोकं बाजूला घेतलं. रात्री ती माझ्या पांघरुणात शिरली आणि कधी नव्हे ते मराठीत बोलली.

"आपली आज्जी कुठेय?"

मी तिला थोपटत राहिले. मला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती, आणि भीतीहूनही जास्त लाज. नोव्हेंबरच्या थंडीत, पायात नुसते मोजे असलेलं म्हातारं माणूस मी तिथे सोडून आले होते आणि दुसऱ्याच कोणाला तरी हाताला धरून, पट्टा बांधून, गाडीत बसवून घरी आणलं होतं.

७

गुरुवारी अन्वीचा वाढदिवस होता. तिला शाळेत सोडलं, घरातल्या बाईंना टीव्ही लावून दिला आणि निघाले. फ्राउ हेर्टलाइन अंगणात पानं झाडत होत्या.

"त्या आत आहेत ना?" मी विचारलं.

त्यांनी झाडणं थांबवलं नाही. "माझी आईसुद्धा एकदा उलट्या बाजूने गेली होती," त्या म्हणाल्या. "मी शाळेत होते तेव्हा. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं आमच्यात राहिली. स्वयंपाक चांगला करायची. माणसाला सवय होते, फ्राउ मालिनी. घरी जा."

"तुम्ही तिला आणायला गेला नाहीत?"

"माझे वडील गेले." त्यांनी पानांचा ढीग नीट केला. "मग तेही आमच्यात राहिले."

मला त्यांचा राग आला. पण राग धरायलाही ताकद लागते. मी आत गेले.

गोठ्यात उजेड होता. कोठीच्या पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं, बसलेल्या आवाजात, तेच स्तोत्र, संपवून पुन्हा पहिल्यापासून. दारातून पाहिलं तर काही दिसेना. डाव्या हाताला कोठी ठेवून गेले तर आयुष्यभर फिरत राहिले असते आणि आई पलीकडेच राहिल्या असत्या. मी उजव्या हाताला कोठी घेतली.

"आई, मी येतेय," मी म्हटलं. "तिथेच थांबा."

भिंतीला हात लावून चालत होते. समोरून पावलं आली. माझ्याच बुटांची. विटांच्या वळणावरून आधी एक हात दिसला, भिंत चाचपणारा, मनगटात टेपची दोरी. मग माझ्या जाकिटाची बाही. चेहरा बघायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि तरी बघितला.

इतकी दमलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, ओठ सुकलेले. तिची दया आली मला. वाट अरुंद होती. दोघींपैकी एकीला अंग चोरायला हवं होतं.

"जा बाई," मी म्हटलं. "तू पुढे जा."

ती गेली. तिचा खांदा माझ्या खांद्याला घासला, ऊबदार होता. माझ्या पाठीमागे, वळणापलीकडे, स्तोत्र थांबलं आणि आईंचा आवाज आला, "आलीस गं? किती दमलीस. बस जरा."

ते माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं. मी चालत राहिले. दार आलं.

८

बाहेर छान ऊन पडलं होतं. किती दिवसांनी अंग हलकं वाटत होतं, झोप पुरी झाल्यासारखं. आत काय करायला गेले होते तेच क्षणभर आठवेना. फ्राउ हेर्टलाइननी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केरसुणी भिंतीला लावून आत निघून गेल्या.

रस्त्यावर मात्र लोकांना काय झालं होतं कोण जाणे. समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवत होता. एक ट्रक तर अगदी अंगावर आला, तेव्हा मी गाडी दुसऱ्या बाजूला घेतली. पुण्याची सवय, दुसरं काय, पंधरा वर्षांनी उफाळून आली. पाट्याही धड वाचता येत नव्हत्या. चष्म्याचा नंबर वाढला असणार. घराच्या कुलपात किल्ली फिरेना, मग दुसरीकडे फिरवली आणि दार उघडलं.

आई सोफ्यावर बसल्या होत्या. पदर डाव्या खांद्यावर, जिथे असायला हवा तिथे. मला रडूच आलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्या केसांतून हात फिरवत राहिल्या, उजव्या हाताने. दोन दिवस मी काय काय मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटली. दमणूक, नुसती दमणूक.

संध्याकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. अन्वीला नवा फ्रॉक घालून बसवलं. सासरे गेल्यापासून औक्षणाला आई मागे राहतात, मी दरवेळी त्यांना ओढून पुढे आणते. आजही आणलं. त्यांनी कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ताट उचललं. मी मागे उभी राहून नीट बघत होते. ताट बरोबर फिरलं. पुन्हा फिरलं, पुन्हा बरोबर. मी सुटकेचा श्वास सोडला.

"पाहिलंस?" मी अन्वीला म्हटलं. "आज्जी बरोबर ओवाळतेय की."

मग मी ताट घेतलं. निरांजन तिच्या तोंडासमोर फिरवू लागले तशी तिची नजर ज्योतीच्या मागे मागे गेली, एकदा, दोनदा. मग तिने ज्योत सोडून माझ्याकडे पाहिलं.

"ममा," ती म्हणाली, अगदी हळू, "डू आउख."

तूसुद्धा. माझा हात थांबला. आई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हसत होत्या. मी ताटाकडे पाहिलं आणि तिला नीट दिसावं म्हणून सावकाश पुन्हा एक फेरी घातली, लहानपणापासून घालत आले तशीच. अन्वी पाटावरून उठली. रांगोळी तिच्या पायाखाली विस्कटली. मागे सरत सरत ती भिंतीला जाऊन टेकली आणि तिथून मराठीत विचारलं, "बाबा केव्हा येणार?"

"उद्या," आम्ही दोघी म्हणालो.